अलीराजपूरकडच्या चर्चच्या मेडिकल कॅम्पला कोणी गेलंय का?

रामबागची_लेक: नमस्कार मंडळी, मी इंदूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमच्याकडची एक सिस्टर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चर्चच्या टीमबरोबर अलीराजपूरच्या आतल्या एका फलियात (आदिवासी वस्तीत) जाते, डॉक्टर वगैरे सगळे स्वखर्चाने येतात, आता त्यांना सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासायला माणूस हवंय म्हणून तिने मला विचारलं. मला मनापासून जायचंय. पण सासूबाई म्हणतात दुसऱ्यांच्या धर्माच्या कामात कशाला पडतेस, उद्या काही झालं तर तुझं नाव येईल. आणि मला तिकडची भिली बोली अजिबात येत नाही. एका दिवसाच्या कॅम्पने खरंच काही होतं का?

निवृत्त_सिस्टर: अगं जा तू. पण आधी विचार, पुढच्या महिन्यात त्याच गावात परत जाणार आहात का. मी एका टीमबरोबर गेले होते, त्यांनी बीपीच्या 10 दिवसांच्या गोळ्या वाटल्या आणि परत कोणी फिरकलंच नाही. दोन वर्षांनी मी दुसऱ्यांबरोबर त्याच भागात गेले तर एका बाईने पदराची गाठ सोडून तीच रिकामी पत्ती दाखवली, म्हणाली हेच द्या. जपून ठेवली होती गं तिने. बीपीची गोळी रोजची असते, 10 दिवसांनी काय होणार? त्या दिवसापासून मी एकच बघते, टीम परत जाते का. आणि हो, खोकला दिसला की सगळे टीबी धरून चालतात, पण तिकडची माणसं गोध्र्याकडे दगड पिसायच्या कारखान्यात कामाला जायची, छातीत ती धूळ बसून सिलिकोसिस झालेले बरेच आहेत. काय काम केलंस हे विचारल्याशिवाय कागद पुढे सरकवू नका.

लॅबवाला_सुदामानगर: ताई, सोल्युबिलिटी किट (सिकलसेलची जागच्या जागी होणारी पहिली चाचणी) न्या, सोपं आहे. ट्यूबच्या मागे रेघांचं कार्ड धरायचं, रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन झाकल्या तर पॉझिटिव्ह. पण त्यावरून वाहक आहे की आजार आहे ते कळत नाही, त्याला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही लॅबमधली पुढची तपासणी लागतेच. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, नुकतंच रक्त चढवलेला किंवा हिमोग्लोबिन फार कमी असलेला पेशंट, यांच्या निगेटिव्हवर विसंबू नका. हाताची बोटं सुजलेलं रडकं पोर आलं तर मार लागलाय असं समजून सोडू नका, लहान वयात सिकलसेल असाच दिसतो. सरकारचं सिकलसेल मिशन 1 जुलै 2023 ला आपल्याच एमपीतून, शहडोलहून सुरू झालंय, 40 वर्षांपर्यंतच्यांची तपासणी त्यात होते, म्हणून तुमची पॉझिटिव्ह नावं जिल्हा रुग्णालयाला द्या, तिथे फॉलिक अ‍ॅसिड, हायड्रॉक्सीयुरिया ही औषधं चालू राहतील. नाहीतर रिपोर्ट येईपर्यंत माणूस मजुरीला गुजरातला गेलेला असतो, तो होळीआधीच्या भगोरिया बाजारालाच परत येतो.

माळव्याचा_माणूस: मी एका कॅम्पला गेलो होतो तिथे औषधाच्या पुडीत प्रार्थनेची चिठ्ठी होती. मला ते पटलं नाही, आजारी माणूस नाही म्हणू शकत नाही.

नगरचा_नातू: दादा, तुमचं बरोबर आहे, आणि हे मी ख्रिस्ती म्हणून सांगतोय. आमचे आजोबा नगरहून इथे मिलमध्ये आले, घरात मराठी बायबल आणि मराठी भजनं. आमची टीम निघताना गाडीत प्रार्थना करते, रांगेत नाही. पुडीत फक्त गोळ्या. 2021 च्या आपल्या राज्याच्या धर्मांतरावरच्या कायद्यात प्रलोभन हा शब्द आहे, म्हणून सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य आरोग्य अधिकारी) ऑफिसला आधी लेखी कळवतो, आशाताई आणि सरपंचांना बरोबर घेतो. पण कायदा नसता तरी हेच केलं असतं. आमच्यासाठी ती सेवा आहे, तिच्या बदल्यात काही मागायचं नसतं. कॅनडाच्या डॉ. मार्गारेट ओ'हारा 1891 ला भारतात आल्या, पुढे धारला वर्षानुवर्षं बायकांवर उपचार करत राहिल्या. राहिल्या म्हणून लोक त्यांच्याकडे गेले. ताई, सासूबाईंना एकदा बरोबर आणा, चपात्या लाटायला हात कमीच पडतात. भिलीचं टेन्शन घेऊ नका, आशाताई सांगतात, फक्त सुई टोचायच्या आधी पोराच्या आईला समजलं का ते बघा.

रामबागची_लेक: सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, पदराच्या गाठीचं वाचून कसंतरीच झालं. सिस्टरला विचारलं, ते 3 वर्षं त्याच फलियात जातायत आणि रजिस्टर आहे. सासूबाईंना अजून सांगितलं नाहीये, आज रात्री सांगते. एचपीएलसीचे सॅम्पल गरमीत इंदूरपर्यंत आणायला आइसबॉक्स लागेल, रामबाग-राजवाड्याकडे कोणाकडे असेल तर शुक्रवारी संध्याकाळी मी येऊन घेऊन जाईन.