युद्धातली ट्रक कंपनी आणि विनोदी पात्रं: एकांकिकेसाठी मदत हवी

चेंदणी_रंग (ठाणे)

नमस्कार मंडळी. ५० मिनिटांची विनोदी एकांकिका लिहितो आहे. काळ मे १९४४. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या एका कंपनीचे ट्रक दिमापूरहून इंफाळला रसद घेऊन निघालेत. पाच नट, एक ट्रक. अडचण पात्रांची आहे. आत्ता एक खादाड, एक झोपाळू आणि एक विसरभोळा आहे, पण ही माणसं कुठल्याही चाळीत खपली असती. ट्रक कंपनीतच भेटतील अशी माणसं कशी उभी करावीत? गाडीच्या कोणत्या बिघाडातून प्रसंग निघतील? आणि रंगमंचावर ट्रक किती दाखवावा?

रसद (नेरूळ)

आधी तारीख बदला. मार्च १९४४च्या अखेरीस जपानी फौजेने कोहिमा–इंफाळ रस्ता तोडला. तो थेट २२ जूनला मोकळा झाला, मैल १०९पाशी दोन्ही बाजूंच्या तुकड्या भेटल्या तेव्हा. मधल्या काळात इंफाळची रसद विमानाने जात होती. मे महिनाच हवा असेल तर तुमचे ट्रक कोहिमाच्या अलीकडेच थांबवावे लागतील. दिमापूर ते कोहिमा ४६ मैल. मी जुलै घेतला असता. रस्ता नुकताच उघडलाय, पाऊस कोसळतोय, दरडी येतायत, आणि वरून सगळ्यांना माल कालच हवाय.

हुद्देही सांभाळा. त्या काळी 'जमादार' होता, 'नायब सुभेदार' हे नाव नंतरचं. सैन्याची बोली हिंदुस्तानी आणि ती शिकवायची रोमन लिपीतून. मालवणी बोलणारा ड्रायव्हर रोमन अक्षरांतली हिंदुस्तानी वाचतोय, एवढ्यावर एक प्रवेश उभा राहतो. मात्र हसू भाषांच्या गोंधळाचं असावं, त्याच्या अडाणीपणाचं नको.

आता पात्रं. जमादाराला अंतराचं वेड द्या. काफिल्यात हुकूम असतो, समजा मैलामागे २० गाड्या. मैलाचे १७६० यार्ड, म्हणजे दोन गाड्यांत ८८ यार्ड. बिचारा दिवसभर ८८ यार्डांसाठी झगडतो आणि ते कधीच टिकत नाहीत. कारण सोपं आहे. पुढची गाडी वळणावर हळू झाली की मागचा जरा उशिरा ब्रेक मारतो, त्याच्या मागचा आणखी उशिरा. पहिली गाडी ताशी १५ मैलांनी शांत चाललेली असते आणि शेवटची एकदा जागच्या जागी उभी, एकदा ३०ने धावत. उपाय म्हणजे सगळ्यात मंद गाडी सर्वात पुढे ठेवणं. आपली गाडी 'मंद' ठरू नये म्हणून ड्रायव्हर काय काय सांगेल, हे तुम्हीच लिहा.

दुसरा, पेट्रोलचा हिशेब लिहिणारा कारकून. पेट्रोल तेव्हा ४ गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यांत यायचं. हे डबे सांध्यातून गळायचे, खड्ड्यांच्या रस्त्यावर तर फारच. ४६ मैलांना गॅलनला ६ मैल धरले तर पावणेआठ गॅलन लागतात, म्हणजे कागदावर दोन डबे. प्रत्यक्षात दोन डब्यांत सात गॅलनही उरलेले नसतात. त्याच्या वहीत 'गळालं' असा रकाना नाही. तो लबाड नाही, वही खरी राहावी म्हणून जिवाचं रान करणारा माणूस आहे. त्याला चोर केलंत की पात्र मेलं.

पाना_पकड (कळंबोली)

ट्रक कॅनडात बनलेला शेव्हरोले घ्या, ब्रिटिश आणि भारतीय फौजेत भरपूर होते. उजव्या हाताचं स्टिअरिंग. नाक चपटं, कारण इंजिनाचा बराच भाग केबिनमध्येच, दोन सीटच्या मधे झाकणाखाली. दोन माणसं आणि मधे तापलेलं झाकण, हे नाटकवाल्याला आयतंच मिळालंय.

गिअरला सिंक्रो (दातांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, डबल क्लच मारावा लागतो. खाली उतरवताना क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, थोडी रेस, पुन्हा क्लच, मग खालचा गिअर. रेस कमी पडली की दात खरखरतात आणि गिअर बसतच नाही. चढावर असं झालं तर गाडी न्यूट्रलमध्ये मागे घसरते, मग दुसऱ्याने उडी मारून चाकाला दगड लावायचा. दगड लावणारा हे एक कायमचं पात्र. तो गिअरचा आवाज ऐकूनच दार उघडतो. त्याचा हात दाराकडे गेला की ड्रायव्हरचा अपमान होतो.

इंजिन चालू करायला समोरून हँडल मारण्याचे नियम पक्के. अंगठा बोटांच्याच बाजूला, दांड्याला वेढायचा नाही. खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. करंट वेळेआधी पडला तर हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. चाक दोन भागांचं असेल तर ते भाग जोडणारे नट लाल रंगवलेले असतात. टायरमध्ये हवा असताना ते सोडले तर चाक फुटून माणूस जातो. यावर विनोद करू नका. नवख्याने पाना त्या नटाला लावावा आणि सगळ्यांनी एकदम गप्प व्हावं, एवढंच.

मुख्य बिघाड मात्र डेल्कोचा घ्या, म्हणजे सहा सिलिंडरच्या प्लगना वायरींतून पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डबीचा. चढावर गाडी मरते म्हटलं की पेट्रोल नळीत उकळल्याचा प्रसंग कुणालाही सुचतो, पण तो उन्हाळ्यातला. जुलैत डेल्को ओला होतो. इंजिन फटफटतं आणि बंद पडतं. झाकणाच्या दोन क्लिपा काढायच्या, आतून कोरड्या फडक्याने पुसायचं, परत लावायचं, पाच मिनिटांचं काम. चूक एकच होते: नवखा नीट पुसता यावं म्हणून सहाही वायरी एकदम उपटतो.

या इंजिनात सिलिंडरना करंट मिळण्याचा क्रम १-५-३-६-२-४. फिटर तो झोपेतही म्हणतो, पण पहिली वायर कुठल्या भोकात हे क्रम सांगत नाही. सहा वायरी सहा जागी लावायचे ७२० प्रकार होतात. हा आकडा कारकुनाने काढावा.

विंगेतून (ठाणे)

पूर्ण ट्रक उभारू नका. केबिनची लोखंडी चौकट, दोन सीट, मधलं झाकण, मागे फाळक्यापुरता हौदा. गाडीचं तोंड प्रेक्षकांकडे ठेवलंत तर ड्रायव्हर त्यांच्या डाव्या हाताला येईल. काच वरून बाहेर आणि खालून आत झुकलेली असते, वरून विमानाला चमक दिसू नये म्हणून. तुमच्या फायद्याचं हे की स्पॉटचा उजेड प्रेक्षकांच्या डोळ्यांत परतणार नाही. तरी काच बसवू नकाच, नुसती चौकट पुरे. टायर थर्माकोलचे. खरा टायर दोघांना उचलत नाही आणि प्रवेश बदलताना विंगेत अडकतो.

रात्रीचा प्रवास असा दाखवा: हेडलाइट बंद, मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा पांढरा रंगवलेला, त्यावर खालून एक बारीक दिवा. मागचा ड्रायव्हर फक्त तो पांढरा गोल बघत गाडी हाकतो. काळोखात दीड फुटाचा गोल आणि पाच आवाज, बाकी काही नको. गोलावर चिखल उडाला की तो पुसायला कोण उतरणार यावर वाद लावता येईल.

चहासाठी पेट्रोलचा डबा अर्धा कापून त्यात वाळू, वाळूत पेट्रोल, हे खरं आहे. सभागृहात मात्र ज्योत अजिबात नको, आत पिवळा एलईडी ठेवा. वाळू गरम असताना पेट्रोल ओतलं की भडका उडतो, म्हणून 'थांब, निवू दे' हे स्वयंपाक्याचं ठरलेलं वाक्य होऊ शकतं.

चेंदणी_रंग

सगळ्यांचे मनापासून आभार. खादाड आणि झोपाळू काढून टाकले. कारकून, जमादार, फिटर, दगडवाला आणि नवखा असे पाच ठरले. दोन प्रश्न. काळ १९७१ करून शक्तिमान घेतला तर हे सगळं चालेल का? आणि उपटलेल्या सहा वायरी अंधारात परत लावायच्या कशा?

पाना_पकड

शक्तिमान हा लष्कराचा ट्रक डिझेलवर, त्याला डेल्को नाही, वायरी नाहीत. तिथे नळीत हवा शिरते आणि हातपंपाने काढावी लागते. तो वेगळा प्रसंग होईल. १९४४च ठेवा.

वायरी अशा लागतात. सहाही प्लग काढायचे, म्हणजे हँडल हलकं फिरतं. पुढचा सिलिंडर नंबर एक. एकाने त्याच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायचा, दुसऱ्याने हँडल सावकाश फिरवायचं. आतली हवा अंगठा ढकलायला लागली की पिस्टन दाबाच्या फेरीवर वर येतोय. तो पार वर आला की थांबायचं. नुसता पिस्टन वर आलेला बघून चालत नाही, कारण दोन फेऱ्यांत तो दोनदा वर येतो आणि त्यातली एक धूर बाहेर टाकण्याची. आता रोटर, म्हणजे डेल्कोतला फिरता तुकडा, ज्या भोकाकडे बघतोय तिथे एक नंबरची वायर. तिथून रोटर फिरतो त्या दिशेने ५-३-६-२-४. मग प्लग बसवायचे, झाकण लावायचं.

चार जण कामाला लागतात. नवख्याचा अंगठा, दगडवाल्याचा हँडलवर हात, जमादाराकडे कापडात गुंडाळलेली विजेरी, फिटरच्या हातात वायरी. पाचवा कारकून, त्याने क्रम मोठ्याने म्हणायचा. त्याला तो लगेच पाठ होतो, कारण तेवढीच संख्या त्या रात्री जुळणारी आहे. पहिल्या हँडलला गाडी चालू करू नका, तिसऱ्याला करा.