एमआयडीसी शेजारी आली, पण जमीन गेली नाही. अशांच्या शेतीचं काय होतं?

माळावरचा :
आम्ही पारनेर तालुक्यातले. सुप्याची एमआयडीसी हळूहळू आमच्या अंगाला येतेय. चार एकर रान, त्यात दोन एकर कांदा, बाकी ज्वारी आणि चारा. आम्हाला नोटीस आलेली नाही, म्हणून वडील निवांत. म्हणतात, ‘जमीन राहिली ना, मग आपल्याला काय फरक पडतोय?’ मला हे पटत नाही. जमीन गेलेल्यांबद्दल सगळेच बोलतात. ज्यांची राहिली त्यांचं काय झालं? चाकणला एमआयडीसी आधीच आलीय, तिकडचं कुणी सांगेल का?

भामाकाठ :
आमची राहिली, तेव्हा सांगतो. पहिला फटका मजुरीचा. कांदा म्हणजे सगळी हाताची कामं : लागण, खुरपणी, काढणी, काटणी. पूर्वी आमच्यात इर्जिक चालायची, आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. पोरं शिफ्टला आणि बाया कंपनीच्या कॅन्टीनला जायला लागल्या, तशी इर्जिक बसली. महिन्याच्या महिन्याला पैसे मिळत असतील तर उन्हात कांदा कापायला कोण येणार? जी येईल ती टोळी उक्तं, म्हणजे सगळ्या कामाचे ठरवून एकत्र पैसे मागते, आणि तेही तिच्या सवडीने. काढणी आठवडाभर लांबली आणि वरून पाऊस आला की संपलंच.

कांद्याच्या भावासाठी १९८० साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागे हेच चाकण रस्त्यावर उतरलं होतं. बाजार आजही मोठा आहे, पण आमच्या शिवारातला कांदा निम्म्यावर आला. त्या जागी ऊस आला, कारण तोडायला टोळी कारखाना पाठवतो आणि शनिवार-रविवार बघितलं तरी भागतं. लोक याला आळस म्हणतात. मला तो सरळ हिशोब वाटतो.

दुसरं, जमिनीचा भाव. वडिलांना वाटतं भाव वाढला म्हणजे आपण श्रीमंत. विकली तरच. कसणाऱ्याला मात्र शेजारचं अर्धा एकरही घेता येत नाही. तेवढ्या पैशाचं व्याजसुद्धा त्या रानातून निघत नाही. शिवाय कधी न बोललेले चुलते बांधावर टेप घेऊन येतात, आणि बहिणींकडे हक्कसोडीचे कागद घेऊन खेटे सुरू होतात.

फायदाही आहे, नाही असं नाही. खोल्यांमधून राहणारी माणसं रोज भाजी-दूध घेतात. माझी चुलती मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या संध्याकाळी गेटवर विकते, आडत नाही, तोलाई नाही. घरात तिच्याइतकी रोख कमाई कुणाचीच नाही.

नाईट_शिफ्ट :
मी परभणीचा, चाकणात ठेकेदाराकडे कामाला. वरच्या दादांकडच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्यांतलाच एक म्हणा. आमच्या सोयाबीनचं बियाणं, खत, फवारणी, सगळं माझ्या पगारातून. पाऊस दगा देतो तेव्हा घर त्यावरच चालतं. म्हणजे तुमच्या शेजारची कंपनी आमची शेती चालवते. कायम केलं असतं तर कुटुंब इकडे आणलं असतं, पण ठेक्यावर भरवसा ठेवून कोण रान सोडेल?

मास्तरीण :
नाईट_शिफ्ट यांनी नेमकं बोट ठेवलं. आम्ही वर्गात शिकवतो की कारखाने आले की माणसं शेतीतून बाहेर पडतात आणि उरलेल्यांची शेतं मोठी होतात. पण झालं उलटंच. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.३४. माणूस बाहेर पडतो, सातबाऱ्यावरचं नाव पडत नाही. नोकरीच पक्की नसेल तर पडणार तरी कसं? देशात २०२३-२४ मध्येही ४६ टक्के कामकरी शेतीतच होते.

माळावरचा :
मग दादा, कांदा सोडू का?

भामाकाठ :
सगळा नको. एक एकर ठेव, घरच्या माणसांनी उरकेल एवढा. बाकी रानात हिरवा चारा घे, गोठेवाले बांधावरून उचलतात. पण त्याआधी एक काम कर. विहीर सामाईक असेल तर तुमचा हिस्सा सातबाऱ्यावर नीट लागलाय का ते तलाठ्याकडे बघून घे, आणि पाण्याच्या पाळ्या भावकीकडून लिहून घे. आत्ता सगळे सही करतील. एकदा गुंठ्यावर भाव निघाला की कुणी करणार नाही.