तुरीला फुटवे येतात, पण मुळे धरत नाहीत

प्रश्न (तापीकाठ)
नमस्कार. मी जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. यावल तालुक्यात आमची केळी आहे. ग्रँड नैन वाणाची टिश्यू कल्चर रोपे लहानपणापासून पाहिल्यामुळे तूरही बाटलीत तशीच वाढेल, अशा समजुतीने मी प्रकल्पासाठी तूर निवडली. अंकुरलेल्या बियांची बीजपत्रे जिथे जोडलेली असतात ते पेर कापून मुराशिगे-स्कूग या पोषक माध्यमावर, लिटरला २ मिलिग्रॅम बीएपी (फुटवे आणणारे संप्रेरक) घालून ठेवले. फुटव्यांचा झुपका चांगला येतो, परंतु फुटवे खुजे राहतात, काहींची पाने काचेसारखी होतात आणि मुळे जवळजवळ येतच नाहीत. मुळे धरलेली चार रोपे मे महिन्यात कुंडीत लावली, तीही दोन दिवसांत माना टाकून गेली. माझे काय चुकते आहे?

उत्तर (पेरकांडे)
आपली पद्धत चुकीची नाही. केळीचा अनुभव तुरीला लावला, एवढेच झाले आहे. केळी मुनव्यांपासून वाढणारे पीक असल्यामुळे तिचा शेंडा बाटलीत सहज फुटतो आणि सहज मुळे धरतो, द्विदल पिके मात्र या बाबतीत फार हट्टी आहेत. एका वाणावर जमलेली कृती दुसऱ्या वाणावर फसते, म्हणून वाणाचे नाव वहीत अवश्य लिहावे.

खुजेपणाचे कारण बहुधा बीएपीच आहे. झुपका तयार झाला की तो बीएपी अगदी कमी असलेल्या माध्यमावर हलवावा आणि लांबी वाढण्यासाठी थोडे जिबरेलिक आम्ल द्यावे. हे आम्ल उष्णतेने नासते, त्यामुळे ते ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) न घालता गाळणीतून निर्जंतुक करून, माध्यम कोमट झाल्यावर मिसळावे. ही चूक मी स्वतः वर्षभर करत होतो. मुळांसाठी माध्यमातले क्षार निम्मे ठेवून आयबीए (मुळे आणणारे संप्रेरक) वापरावे, कारण आधीच्या माध्यमातले बीएपी फुटव्यात उरले असेल तर ते मुळांना आडवे येते. जीवनसत्त्वे बी-५ माध्यमाची घेऊन पाहावीत: गॅम्बोर्ग यांनी १९६८ मध्ये ते सोयाबीनच्या मुळांच्या पेशींसाठी बनवले होते आणि त्यात थायमिन लिटरला १० मिलिग्रॅम असते, मुराशिगे-स्कूगमध्ये मात्र अवघे ०.१. काचेसारखी पाने टाळण्यासाठी अगार (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) किंचित वाढवावे आणि झाकण हवा खेळेल असे वापरावे.

एवढे करूनही मुळे आली नाहीत, तर बाटलीतला फुटवा कोवळ्या रोपाच्या खुंटावर कलम करावा. हरभऱ्यात मुळांचा त्रास टाळण्यासाठी हा मार्ग बराच वापरला जातो.

उत्तर (शेतीवाला)
आपल्याकडच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बाटलीतून आलेले नाजूक रोप थेट कुंडीत टिकणार कसे? केळीची रोपेसुद्धा आधी पॉलिहाऊसमध्ये आणि मग शेडनेटमध्ये रुळवतात. बाकी एक शंका विचारतो, राग मानू नये: तुरीचे बी स्वस्त मिळते, मग बाटलीचा हा खटाटोप कशासाठी?

उत्तर (पेरकांडे)
रोपे विकण्यासाठी नव्हेच. पेशीत नवे जनुक घातल्यावर त्या पेशीपासून पूर्ण झाड उभे करता आले पाहिजे, यासाठी हा खटाटोप असतो. चवळीत शेंगा पोखरणाऱ्या मारुका अळीला तोंड देणारा वाण असाच तयार झाला आणि नायजेरियाने २०१९ मध्ये त्याच्या लागवडीला परवानगी दिली. मात्र तापीकाठ यांनी हे लक्षात घ्यावे की पेरातून येणारे फुटवे बहुधा तिथे आधीच असलेल्या कळ्यांतून येतात. त्यामुळे जनुक घातल्यास काही भागात नवे जनुक आणि काही भागात जुनेच, असे मिश्र झाड मिळण्याचा धोका राहतो. आपला प्रकल्प पुनरुत्पत्तीपुरता, म्हणजे तुकड्यापासून पूर्ण रोप उभे करण्यापुरता असेल तर सध्या त्याची चिंता नको, पण प्रबंधात त्याचा उल्लेख असावा.

तापीकाठ
मनःपूर्वक आभार. जिबरेलिक आम्ल मीही ऑटोक्लेव्हमध्येच घालत होतो. नवी खेप आता जुलैमध्येच कुंडीत लावीन, आणि कलमासाठी खुंट म्हणून त्याच वाणाची रोपे आजच पेरतो.