फॉन्टच्या फोर्कला मूळ नाव चालतं का? आणि कमिटमधलं गेलेलं श्रेय

धरमपेठ_ग्लिफ (नागपूर)
आम्ही चौघं ओएफएल (ओपन फॉन्ट लायसन्स) या मुक्त परवान्याच्या एका देवनागरी फॉन्टवर काम करून राहिलो. मराठी वळणाचे ल-श आणि 'दऱ्या'तला ऱ्य नीट केले. मूळ प्रकल्पानं बदल घेतले, पण आमचे ११ कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) एकात गुंडाळले आणि लेखक म्हणून देखभाल करणाऱ्याचं नाव लागलं. आता स्वतंत्र फोर्क, म्हणजे त्याच फॉन्टची आमची वेगळी आवृत्ती, काढतो आहोत. मूळ नावापुढे 'नागपूर' जोडलं तर चालेल का? आणि श्रेयाचं काय करायचं?

नेमटेबल
आधी परवान्याच्या फाइलची पहिली ओळ वाचा. तिथे 'रिझर्व्ह्ड फॉन्ट नेम' (राखीव नाव) लिहिलं असेल, तर तो शब्द तुमच्या नावात येता कामा नये, 'नागपूर' जोडून सुद्धा. हवाच असेल तर कॉपीराइटधारकाची लेखी परवानगी लागते. ती ओळ नसेल तर परवान्याची अडचण नाही. तरी नाव बदलाच, एका मशीनवर दोन्ही फॉन्ट बसले की कोणता उचलला जाईल याचा भरवसा नसतो. वर्णनात 'अमुक फॉन्टवर आधारित' लिहायला हरकत नाही, बंदी फक्त मुख्य नावावर आहे.

बहुतेक जण फक्त फॉन्ट-कुटुंबाचं (फॅमिलीचं) नाव बदलतात, तिथेच फसतं. नेम टेबलातले (फॉन्टफाइलमधल्या नावांच्या तक्त्यातले) आयडी १, ४, ६ आणि असेल तर १६ हे सगळे बदला, तेही प्रत्येक वजनाच्या (रेग्युलर, बोल्ड वगैरे) फाइलमध्ये. ६ राहिला तर मेनूत नवं नाव अन् पीडीएफमध्ये जुनं. आयडी ० मधली कॉपीराइटची ओळ मात्र पुसू नका, खाली तुमची जोडा. फाइल बनली की टीटीएक्सनं (फॉन्ट वाचता येईल अशा मजकुरात उलगडणारं साधन) नेम टेबल काढून डोळ्यांनी बघा.

नावावरून अडणं नवं नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीनं २००६ साली मोझिलाच्या ट्रेडमार्कपायी फायरफॉक्सचं आइसवीझल केलं, ते २०१६ पर्यंत तसंच चाललं.

रिबेस_नको
श्रेयाचं सांगतो. गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनात लेखक (बदल लिहिणारा) आणि कमिटर (तो नोंदवणारा) वेगळे असतात, 'गिट लॉग'ला 'फुलर' फॉरमॅट दिला की दोन्ही दिसतात. हातानं 'मर्ज स्क्वॉश' (सगळे कमिट एकात गुंडाळणं) करून कमिट केलं की लेखक म्हणून करणाऱ्याचंच नाव बसतं. मेलमॅपनं (ईमेलवरून लेखकाचं दिसणारं नाव बदलणारी फाइल) हे सुधारत नाही. तो त्या ईमेलचे सगळेच कमिट दुसऱ्याच्या नावे दाखवेल.

मुख्य शाखेचा इतिहास बदलायला लावू नका. त्या कमिटपासून पुढचे सगळे हॅश (कमिटचे ओळख-क्रमांक) बदलतात आणि लोकांचे क्लोन (उतरवून घेतलेल्या प्रती) बिघडतात. त्यापेक्षा मूळ प्रकल्पवाल्यांना स्क्वॉशचा कमिट रिव्हर्ट (उलटा) करून तुमची मूळ शाखा सरळ मर्ज करा म्हणावं, ब्लेमही (कोणती ओळ कोणाची ते दाखवणारी नोंद) दुरुस्त होतो. फॉन्टचा स्रोत यूएफओ प्रकारात असेल तर प्रत्येक ग्लिफची (अक्षराकृतीची) फाइल वेगळी, बदलांचं भांडण कमी. एसएफडी (फॉन्टफोर्जचा प्रकार) असेल तर एकच मोठी फाइल असते, तिथे मधल्या बदलांशी टक्कर होणारच.

एवढ्याला ते तयार नसतील तर निदान फॉन्टलॉगमध्ये (फॉन्टसोबतची बदलांची नोंद-फाइल) कोणी काय केलं ते लिहून घ्या. पुढच्या वेळी स्क्वॉश करणारच असतील तर संदेशाच्या शेवटी, एक ओळ रिकामी सोडून, प्रत्येकाची 'को-ऑथर्ड-बाय' (सहलेखक) ओळ टाकायला सांगा. ईमेल गिटहब खात्यातलाच हवा, नाहीतर नाव दिसतं पण खात्याशी जुळत नाही.

नेमटेबल
एक खुलासा. ओएफएल कॉपीराइटच्या ओळी राखायला सांगतो, कमिटमधली नावं नाही. म्हणजे इथे परवाना मोडलेला नाही, शिष्टाचार मोडलाय. पत्र लिहिताना 'उल्लंघन' शब्द वापरू नका भाऊ, तिथेच बोलणी तुटतात. आणि फोर्क त्यांच्या मुख्य शाखेवरून नाही, तुमच्या जुन्या शाखेवरून काढा. तुमचे ११ कमिट आपसूक राहतील.

धरमपेठ_ग्लिफ
पाहिलं. नाव राखीवच निघालं, त्यामुळे नवं शोधणं आलं. टीटीएक्स चालवून बघितलं तर बोल्डमध्ये आयडी ६ जुनाच होता.