‘लूर’ला मराठीत काय म्हणायचं? आमिष, चारा की चकवा

मूळ प्रश्न · धरमपेठ, नागपूर

नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीतली सहा-सात मुलं सुटीच्या दिवशी गळ टाकायला माझ्याबरोबर येतात. त्यांच्यासाठी मराठीतून दोन पानांचं टिपण लिहायला बसलो आणि तिसऱ्याच ओळीला अडलो. ओळ साधी होती: ‘लूरला गांडूळ लावू नये.’ ‘लूर’ (माशाला फसवायला गळाला लावतात ती नकली वस्तू) खोडून तिथे नेहमीचा मराठी शब्द घातला, तर ओळ झाली ‘आमिषाला आमिष लावू नये.’ मुलांनी यातून काय समजायचं?

लहानपणी बाबांबरोबर कन्हानच्या काठी बसायचो तेव्हा ही अडचण नव्हती. बांबूची काठी, तंगूस, शिशाचा मणी, ज्वारीच्या धांड्याचा तुकडा, काटा आणि डब्यातल्या ओल्या मातीत गांडुळं. एवढंच सामान, आणि प्रत्येक वस्तूला आमच्या तोंडी शब्द होता. धांड्याच्या तुकड्याला आम्ही नुसतं ‘काडी’ म्हणायचो. काडी नाचली की मासा चाखतोय, काडी बुडाली की ओढ. रोहूसाठी कणकेची गोळी, थोडी पेंड मिसळलेली. पाण्याखाली काय चाललंय ते सगळं आम्हाला मराठीत सांगता यायचं.

आता पेटीत पितळी पान गरगरणारे स्पिनर आहेत, चकाकणारे स्पून आहेत, पुढे पट्टी असलेले प्लास्टिकचे मासे आहेत आणि माझा सगळ्यात लाडका रबरी बेडूक आहे. यातलं काहीच खाण्याचं नाही. मासा त्याच्यावर येतो तो त्याची चाल पाहून.

या बेडकाने मला काय दिलं ते सांगतो. भाद्रपदातली गोष्ट. रामटेककडच्या एका गावतळ्यावर गेलो होतो. तळ्याचा ठेका ज्या संस्थेकडे आहे, तिच्या माणसाची आधी परवानगी घेतली. काठापासून पंधरा-वीस हातांवर कमळाची पानं दाट होती. बेडूक पानावर टाकला, हळूच कडेवरून पाण्यात उतरवला आणि थांबलो. पाणी फुटलं. मी घाईने ओढलं, बेडूक रिकामाच परत आला. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी मनात दोनपर्यंत मोजलं आणि मग काठी उचलली. हातभर मरळ निघाली. तो आवाज अजून कानात आहे.

तर सांगा, त्या बेडकाला काय म्हणू?

उत्तर · रामदासपेठ

मी संस्कृत शिकवते. मासेमारीतलं मला काही कळत नाही, पण तुमच्या प्रश्नाने माझी दुपार चांगली गेली.

‘आमिष’ म्हणजे मूळ संस्कृतात मांस. ‘सामिष’ आणि ‘निरामिष’ भोजन आपण आजही म्हणतो, त्यातलंच हे आमिष. गळाला मांसाचा तुकडा लावत, म्हणून त्या तुकड्याला आमिष म्हणू लागले. तिथून अर्थ सरकला तो प्रलोभनाकडे. आता वर्तमानपत्रात ‘नोकरीचे आमिष दाखवून’ आणि ‘लग्नाचे आमिष दाखवून’ एवढ्यापुरताच तो शब्द भेटतो. तुमच्या रबरी बेडकाला आमिष म्हटलं तर मांस नसलेल्या वस्तूला मांस म्हटल्यासारखं होतं. पण कणकेच्या गोळीला आमिष म्हटलं तेव्हाच हा शब्द पहिल्यांदा ताणला गेला होता. मग आणखी एकदा ताणायला हरकत काय? माझं मत आमिषालाच.

एक जुनी गोष्ट जोडते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर ११२९च्या सुमाराचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. महाराष्ट्रात बाया कांडताना ओवी गातात, हा उल्लेख त्यातलाच, म्हणून मराठीचे अभ्यासक तो आवर्जून पाहतात. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. कोणत्या माशाला काय खाऊ घालावं, काठी आणि दोरी कशी असावी, हे त्यात राजाच्या करमणुकीचा भाग म्हणून सांगितलं आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी गेल्या शतकात त्यावर लिहिलं. म्हणजे तुमचा छंद या दख्खनच्या पठारावर जवळजवळ नऊशे वर्षं शब्दांत बांधला गेला आहे. संस्कृतात गळाला ‘बडिश’ असा स्वतंत्र शब्द आहे, तोही सुंदर आहे.

उत्तर · साकोली, जि. भंडारा

सर, मी ढिवर समाजाचा. आमच्या इकडे मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) लय, मासोळीवरच आमचं घर चालते. तलावाच्या पारीवर ‘आमिष’ म्हननारा मानूस मी पाह्यला नाही. आमी ‘चारा’ म्हनतो. ‘चारा लावला का?’, ‘चारा खाऊन गेला.’ अन् गळाले ‘गरी’. आमिष हा पेपरातला शब्द हाये.

दुसरी गोष्ट इचारतो, राग मानू नका. भादव्यात मरळ धरली म्हनता. पान्यावर लाल पुंजका दिसला होता का?

उत्तर · वर्धा रोड (मूळचा मालवणचा)

साकोलीच्या दादांनी ‘गरी’ म्हटलं आणि मला घर आठवलं. आमच्याकडेही गरीच! महाराष्ट्राची दोन टोकं, एकीकडे खारं पाणी, दुसरीकडे गोडं, आणि काट्याला शब्द एकच. मध्ये सगळा ‘गळ’. पुढे आमच्याकडे त्याचं क्रियापदही आहे: गरवणे. जाळं फेकून धरायचं ते ‘पागणे’, गरीने धरायचं ते ‘गरवणे’. ‘गळ टाकून मासे पकडणे’ असे चार शब्द लिहिण्यापेक्षा टिपणात ‘गरवणे’ लिहा. मुलं पटकन उचलतील.

गळावरून आणखी एक. ‘त्याने गळ टाकला’ इथे गळ पुल्लिंगी. ‘त्याने मला गळ घातली’ इथे मात्र स्त्रीलिंगी, आणि अर्थ आर्जवाचा. मला हे दोन वेगळे शब्द वाटतात. आग्रहाच्या गळीत मला काटा दिसत नाही, गळ्यात पडणं दिसतं. ‘गळाला लागणे’ मात्र सरळ पाण्यातून आलेलं आहे, राजकारणाच्या बातम्यांत ते कितीही फिरलं तरी.

उत्तर · प्रतापनगर

मी गेली बारा वर्षं फक्त लूरनेच मासे धरतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याही जिव्हाळ्याचा.

आधी इंग्रजी शब्दाचंच पाहू. ‘लूर’ मुळात पाण्यातला नाही, तो ससाण्याच्या शिकारीतला. उडालेला ससाणा परत हातावर यावा म्हणून पिसांचा झुबका दोरीला बांधून फिरवत, त्या झुबक्याचं ते नाव. नंतर ते मासेमारीत आलं. म्हणजे इंग्रजांनीही जवळच्या दुसऱ्या खेळातून शब्द उचलला. आपणही उचलू शकतो.

वस्तूच्या जन्मकथा पाहिल्या तरी खाण्यापेक्षा चाल महत्त्वाची हे पटतं. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये ज्युलिओ ब्युएल नावाच्या माणसाचा जेवणाचा चमचा तळ्यात पडला, डुलत खाली जाताना माशाने त्याच्यावर झडप घातली, आणि त्याने चमच्याचा दांडा कापून त्याला काटा जोडला, अशी कथा सांगतात. १८५२मध्ये त्याने पेटंट घेतलं ते खरं. फिनलंडच्या लॉरी रापालाने १९३६मध्ये बुचाच्या लाकडातून मासा कोरला, त्यावर चकाकता कागद लावला आणि लाखेऐवजी छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. त्याने पाहिलं होतं की थव्यातला जो मासा जखमी होऊन लटपटतो, मोठा मासा त्यालाच निवडतो. त्याने ती लटपट कोरली.

म्हणून प्रत्येकाला त्याच्या चालीवरून नाव द्यावं. स्पिनरला ‘फिरकी’ म्हणा, क्रिकेटमुळे मुलांच्या तोंडी हा शब्द आहेच. स्पूनला ‘चमचा’, रबरी बेडकाला ‘बेडकी’. आणि या सगळ्यांना मिळून ‘चकवा’. रानात वाट चुकवतो तो चकवा आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. शब्द वाक्यात बसतो, मोजता येतो: ‘डबीत पाच चकवे आहेत’, ‘चकव्याचा काटा गंजला.’ लूरचं तसं नाही. आमच्यातच निम्मे ‘लूर टाकला’ म्हणतात, निम्मे ‘लूर टाकली’.

अनुभवाचं म्हणाल तर माझी निष्ठा फिरकीवर. थंडीत पाणी निवळलं की खडकाळ डोहात शिवडा तिच्यावर येतो. आधी काहीच जाणवत नाही, मग काठी हातातून ओढली जाते. रोहू, मृगळ, कटला यांच्यासाठी मात्र चकवा काढूही नका, ते शिकारी मासे नाहीत. तिथे साकोलीच्या दादांचा चाराच.

उत्तर · रामदासपेठ

‘चकवा’ मला आवडला. फक्त एक अडतं. वस्तू झाली चकवा, पण ती पाण्यात थांबवत, ओढत, परत थांबवत जी नाचवता, त्या क्रियेचं काय?

उत्तर · प्रतापनगर

हूल! कबड्डीत चढाई करणारा देतो ती. पुढे झेपावल्यासारखं करायचं आणि थांबायचं. ‘बेडकीला दोन हुला दे, मग थांब’ हे वाक्य मी उद्यापासून वापरणार.

मूळ प्रश्नकर्ता · धरमपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस मी वाक्यं लिहून पाहत होतो.

‘चकव्याला चारा लावू नये.’ ही ओळ आता स्वच्छ झाली. ‘गरवणे’ घेतलं. ‘फिरकी’, ‘बेडकी’, ‘हूल’ घेतले. ‘गळ’ ठेवला, कारण नागपुरातल्या मुलांच्या पुस्तकात तो आहे, पण शेजारी ‘गरी’ लिहिलं. ‘चमचा’ घेतला नाही. मुलांच्या कानाला त्याचा दुसरा अर्थ आधी लागतो आणि सांगायचं राहून जातं.

बाईंच्या ‘आमिषा’कडे मात्र मी परत परत गेलो. एक गंमत सापडली: गळाला आमिष ‘लावतात’, माणसाला आमिष ‘दाखवतात’. गांडूळ काट्यावर लावून सोडून दिलं की आपलं काम संपलं, मासा वासाने शोधत येतो. पण चकवा तर आपण खरोखरच माशाच्या डोळ्यांपुढून नेतो, दाखवतो. म्हणजे वर्तमानपत्रातलं ‘आमिष दाखवणे’ गांडुळापेक्षा माझ्या बेडकीलाच जास्त लागू पडतं. यामुळे एक दिवस मी जवळजवळ आमिषाकडे वळलो होतो.

मग साकोलीच्या दादांचा प्रश्न पुन्हा वाचला. उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण आठवून पाहत होतो. होय, दिसला होता. कमळाच्या पानांच्या अलीकडे, परातीएवढा, तांबूस, पाण्याच्या वरच्या थरात थरथरणारा. मला ते शेवाळ वाटलं.

उत्तर · साकोली, जि. भंडारा

ते शेवाळ नव्हतं सर. पिल्लं होती. मरळीची पिल्लं आधी लाल असते, झुंडीनं राह्यते, श्वास घ्यायले घडीघडी वर येते, म्हनून पानी थरथरते. नर-मादी खाली पहारा देते. त्या वक्ताला त्याच्या जवळून बेडूक जाओ का साप, ते मारतेच. भूक नसते त्याले. तीनदा आली ना तुमच्यावर? भुकेची मरळ एकदा चुकली का बहुतेक सरकून जाते. माय-बाप सरकत नाही.

आमचा बुढा सांगे, पुंजका दिसला का गरी गुंडाळून दुसऱ्या पारीले जायचं. पिल्लं उघडी पडली का दुसऱ्या मासोळ्या खाऊन टाकते, मंग पुढच्या साली तलावात मरळ कुठून येईन?

मूळ प्रश्नकर्ता · धरमपेठ

दादा, वाचलं. त्या तळ्यावर मी ज्याला पराक्रम समजत होतो, त्याचा अर्थ आज कळला.

आणि माझ्यापुरता शब्दाचा प्रश्नही इथेच सुटला. आमिष म्हटलं की घेणाऱ्याच्या ठिकाणी लोभ गृहीत धरला जातो. नोकरीच्या आमिषाला भुललेला, लग्नाच्या आमिषाला भुललेली, तसा आमिषाला भुललेला मासा. ती मरळ कशालाच भुलली नव्हती. ती तीनदा आली ती पिल्लांपासून बेडकाला हाकलायला. तिची फसगत झाली हे खरं, म्हणून ‘चकवा’ चालेल. आमिष म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

टिपणाची पहिली ओळ बदलली आहे. ‘चकव्याला चारा लावू नये’ आता दुसरी. पहिली अशी:

‘पावसाळ्यात पाण्यावर लाल पुंजका थरथरताना दिसला, तर तिथे बेडकी टाकू नये. गरी गुंडाळावी आणि दुसऱ्या पारीवर जावं.’

दादा, ‘पारीवर’ तसंच ठेवलं आहे, ‘काठावर’ केलं नाही. चालेल ना?

उत्तर · साकोली, जि. भंडारा

चालते. पोरायले घेऊन या एकदा आमच्या तलावावर. पुंजका कसा दिसते ते दाखवतो.