'सायकॉलॉजिकल सेफ्टी'ला मराठीत काय म्हणाल?

मुळाक्षर: आमची टीम चार गावांत विखुरलेली, सगळे घरून काम करतात. नव्यांसाठी मराठीत टिपण लिहितेय. 'मानसिक सुरक्षा' लिहिलं की दारात रखवालदार बसवल्यासारखं वाटतं. दुसरं काही सुचतंय?

विसर्गसंधी: अभय. सुटसुटीत, जुना, सगळ्यांना कळणारा.

रात्रपाळी: अभय नको. देणारा वर, घेणारा खाली. शिवाय हल्ली 'अभय योजना' म्हटलं की थकलेली पाणीपट्टीच आठवते. एमी एडमंडसन यांचा १९९९चा शोधनिबंध बघा, एका उत्पादक कंपनीतल्या ५१ टीमवरचा. त्यात ही गोष्ट एकट्यादुकट्याची नाही, अख्ख्या टीमचा सामायिक समज आहे: इथे चूक सांगितली, अडलेलं विचारलं, तर कोणी पाणउतारा करणार नाही. त्याआधी रुग्णालयांतल्या अभ्यासात त्यांना चांगल्या टीमच्या नावावर औषधांच्या चुका जास्त दिसल्या होत्या. त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, चुका लपवत नव्हत्या, असा त्याचा उलगडा त्यांनी केला.

आजोळ: मग 'मोकळीक'? की 'बिनधास्तपणा'?

रात्रपाळी: मोकळीकही कोणीतरी द्यावीच लागते. बिनधास्तमध्ये बेफिकिरी येते, आणि इथे कामाचा दर्जा सैल सोडणं अजिबात अपेक्षित नाही.

आजोळ: मी उलट्या बाजूने जाते. आपल्याकडे नेमका शब्द आहे तो 'भीड'. भीती नव्हे, भीड. साहेब ओरडतील असं नसतं, पण चारचौघांत कसं विचारायचं? ऑफिसात चहाला जाताना शेजारच्याला हळूच विचारून घेता येतं. ग्रुपवर विचारलं की सगळे बघतात, वर ते कायमचं लेखी राहतं. आमच्याकडे एकाच्या नावापुढे 'टायपिंग' दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं. शेवटी यायचं नुसतं 'ओके'. तेव्हा 'भीड चेपणे' घ्या.

विसर्गसंधी: 'फार भीड चेपलीय त्याची' हे कौतुकाने कोणी म्हणतं का?

आजोळ: हो, तेही आहेच.

विसर्गसंधी: टिपणात 'शंका' जपून वापरा. शंका विचारणारा शिकत असतो, शंका घेणाऱ्याचा विश्वास नसतो आणि शंका काढणारा खुसपटं काढतो. कॉलवर 'कुणाला काही शंका?' म्हटलं की सगळे म्यूट, त्याला हेही एक कारण असावं. 'कुठे अडलंय?' विचारा. त्यात अडणं गृहीतच धरलेलं आहे.

मुळाक्षर: हे आवडलं. शीर्षक 'निःसंकोच वातावरण' ठेवते. खाली लिहिते: 'अडलं तर बिनदिक्कत विचारा. दर सोमवारी टीम लीड स्वतःचं अडलेलं आधी सांगेल.' चालेल?

विसर्गसंधी: चालेल. विसर्ग तेवढा गाळू नका.

रात्रपाळी: आणि सोमवारच्या त्या कॉलचं रेकॉर्डिंग बंद ठेवा.