शब्दचर्चा : ‘दिदि/मम/वववव’ला काही पर्याय?

वखारभाग_सांगली :
नमस्कार मंडळी. तासगावकडच्या एका शीतगृहासाठी बेदाण्याच्या आवक-जावकीचं सॉफ्टवेअर मराठीत करून द्यायचं काम आलंय. मूळ बनावट अमेरिकन, म्हणजे आधी महिना, मग दिवस. गेल्या हंगामात ३ एप्रिलला आलेला माल तिथल्या पोरानं ०३/०४ असा चढवला. यंत्रानं ती ४ मार्च धरली आणि शेतकऱ्याला भाडं महिन्याचं जादा लागलं. तेरा तारखेपासून पुढं हा घोळ होत नाही, तेरावा महिनाच नाही म्हटल्यावर यंत्र अडून बसतं. पहिल्या बारा तारखा मात्र निमूट गिळतं.
आता क्रम बदलून दिवस आधी आणलाय. पण रिकाम्या चौकटीत फिकट अक्षरं असतात ना, डीडी/एमएम/वायवायवायवाय, त्यांचं मराठीत काय करायचं? अर्जांवर ‘दिदि/मम/वववव’ बघितलेलं, तेच घातलं. पोरगं मोठ्यानं ‘दीदी मम’ म्हणालं आणि सगळे हमाल हसले.

पोवईनाका :
‘मम’ म्हटलं की ताम्हनात पळीभर पाणी सोडायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. अक्षरांचा हट्ट कशाला? सरळ ‘दिवस/महिना/साल’ लिहा. जागा पुरत नसेल तर नमुना द्या, २७/०४/२०२५ असा. सत्तावीस दिसल्यावर पहिला आकडा दिवसाचा, हे कुणालाही कळतं. नमुन्यात ०५/०४ तेवढं देऊ नका.

वखारभाग_सांगली :
नमुना देऊन बघितला दादा. लोकांना वाटतं तारीख भरलेलीच आहे, पुढं जातात.

शुद्धाक्षर :
अक्षरांचं नंतर बघू. आधी चौकटीवरचं नाव ठरवा. ‘तारीख’ हा अरबी शब्द. सावरकरांनी ‘दिनांक’ दिला, ‘क्रमांक’ दिला, दोन्ही मराठीने स्वीकारले. नव्याने मराठी करायला बसलोच आहोत तर परका शब्द कशाला ठेवायचा?

अडत्या_गणपतीपेठ :
स्वीकारले ते लग्नपत्रिकेवर आणि कार्यालयाच्या शिक्क्यावर. कोर्टात तारीख पडते, दिनांक पडत नाही. पगार एक तारखेला होतो. ‘एक दिनांकाला’ म्हणून बघा बरं मोठ्यानं. सौद्यात मी एखाद्या शेतकऱ्याला ‘दिनांक सांगा’ म्हटलं तर तो मागं वळून बघेल, कुणाला म्हणतोय म्हणून.

शुद्धाक्षर :
शब्द वापरल्याशिवाय रुळत नाही. ‘क्रमांक’ही लोकांना कृत्रिमच वाटला असणार. आज पहिला क्रमांक आला की पेढे वाटतात.

अडत्या_गणपतीपेठ :
पेढे वाटा की. पण ‘दिनांक ५ मार्च रोजी’ असं लिहिता, त्यातला ‘रोज’ कुठला? फारसी. तारखेला पुढच्या दारातून हाकललंत आणि रोज मागच्या दारानं येऊन जेवायला बसला. आमच्या पेढीवर रोजमेळ, रोजकीर्द, रोजंदारी सगळं त्याचंच. आणि दिनांक म्हणजे दिवसाचा अंक ना? मग ५ हाच दिनांक. महिना आणि साल त्यात बसवलंत कसं?

शुद्धाक्षर :
‘रोजी’ मीही लिहीत नाही. ‘५ मार्चला’ एवढं पुरतं. आणि शब्दाचा अर्थ त्याच्या फोडीत अडकवून ठेवायचा तर ‘तेल’ फक्त तिळाचं म्हणावं लागेल.

(हे उत्तर चोख होतं, अडत्याशेठ. — पोवईनाका)

मोडीवाचक :
दोघांचंही भांडण मला पटत नाही, कारण पेशवाईतला कागद उघडला की ‘शुद्ध’ काहीच हाती लागत नाही. महिना मुसलमानी, ‘छ १० रबिलावल’ असा, यातला ‘छ’ ही तारखेची खूण. वर्ष सुहूर सनाचं, म्हणजे तेव्हाच्या दप्तरातल्या कालगणनेचं, तेही अरबी शब्दांत. उदाहरणार्थ ‘इसन्ने अर्बैन मया व अलफ’. इसन्ने दोन, अर्बैन चाळीस, मया शंभर, अलफ हजार. झाले ११४२. त्यात ५९९ मिळवा, इसवी १७४१-४२ येतं. साताऱ्याच्या गादीवर तेव्हा शाहू महाराज होते. कागद लिहिणारा चांगला शेंडीवाला कारकून असे, त्याच्या हाताला हे अरबी आकडे विटाळले नाहीत.
गंमत क्रमाची. हे शब्द एकम, दहम, शतक, हजार असे लहानाकडून मोठ्याकडे जातात. आपला दिवस-महिना-साल हा क्रमही तसाच लहानाकडून मोठ्याकडे. अमेरिकेत मात्र मधला आधी, लहान नंतर, मोठा शेवटी.

वखारभाग_सांगली :
ताई, माहिती झकास. पण लघुअक्षरांचं?

मोडीवाचक :
त्यावरही आहे. ‘सुदी’ आणि ‘वदी’ हे शब्द नाहीतच, लघुरूपं आहेत. शुक्लपक्षातला दिवस म्हणजे ‘शु. दि.’, बहुलपक्षातला, म्हणजे कृष्णपक्षातला, ‘ब. दि.’. शिलालेखांत अशी तोडकी अक्षरं सर्रास सापडतात. पुढं लोक विसरले आणि सुदी-वदी पूर्ण शब्द म्हणून चालू लागले. तेव्हा ‘दिदि/मम’ला नाकं मुरडू नका, शेदोनशे वर्षांत तोही शब्द होईल.

पोवईनाका :
आणि सुदी-वदीतसुद्धा एकवाक्यता नाही बरं का. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीची, उत्तरेत तीच भाद्रपदातली, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. दिवस एकच, महिन्याचं नाव वेगळं. अमेरिकेपर्यंत जायची गरजच नाही. शिवजयंतीचं तर काढतच नाही, तारखेची की तिथीची यावर आमच्या साताऱ्यात सख्खे भाऊ वेगळ्या मंडळात आहेत.

मूळचा_कराडकर :
अमेरिकेतून लिहितोय, इथं येऊन बरीच वर्षं झाली. इथले लोक बोलतानाच महिना आधी घेतात, कागदावर तेच उतरतं. त्यांच्याच लष्करात मात्र दिवस आधी, महिना अक्षरांत. जपान, चीन, कोरिया, हंगेरी इथं साल आधी. १९८८ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलं तेही साल-महिना-दिवस असंच. संगणकाला ते सोयीचं, फायली आपोआप ओळीनं लागतात. वखारभागसाहेब, मी असतो तर चौकटी तीन केल्या असत्या आणि महिना नावानं निवडायला लावला असता. एप्रिल म्हणजे एप्रिल. बारा महिन्यांच्या पहिल्या बारा तारखा म्हणजे १४४ दिवस. त्यातले १/१, २/२ असे बारा सोडले तर वर्षातले १३२ दिवस उलटे वाचले जाऊ शकतात.
आमच्या आईचा दवाखान्यातला कागद असाच उलटा वाचला गेला. तिची जन्मतारीख १ जून. इथं ती ६ जानेवारी झाली, औषधाच्या दुकानात नाव जुळेना.

अडत्या_गणपतीपेठ :
१ जून! म्हणजे गुरुजींनी लावलेली.

मूळचा_कराडकर :
अर्थात. शाळेत घालताना आजोबांना तारीख विचारली, ते म्हणाले पाऊस लागला होता. गुरुजींनी १ जून टाकली.

पोवईनाका :
आमच्या खात्यात निम्मे लोक १ जूनचे होते. महिन्याच्या एक तारखेला जन्म असेल तर निवृत्ती आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, त्यामुळे ३१ मेला निरोप समारंभांची रांग लागायची. नारळ कमी पडायचे.

शुद्धाक्षर :
याला ‘जन्मदिनांक’ म्हणणं मलाही जड जातं, हे मान्य. ‘दाखल्यावरची तारीख’ म्हणा.

अडत्या_गणपतीपेठ :
म्हणालात बघा, तारीख!

शुद्धाक्षर :
प्रचलित अर्थाने म्हणालो.

वखारभाग_सांगली :
महिना नावानं निवडायचं मालकांना विचारतो. तरी चौकटीत अक्षरं काय, ते कुणी सुचवा.

मोडीवाचक :
आमचे तात्या आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघंही एकाच सालच्या १ जूनचे. जुळे नाहीत. दोघांना एकाच दिवशी शाळेत घातलं, म्हणून. दाखल्यावर अंकी, अक्षरी, दोन्ही ठिकाणी तेच.

मूळचा_कराडकर :
मग खरं अंतर किती?

मोडीवाचक :
आजी अडीच वर्षं सांगायची. तात्या तीन म्हणतात.